अडतीस

तबास्कीच्या सणाला अकरा दिवस उरले होते
आणि मेदिना वस्तीत दारोदार एकेक मेंढा बांधलेला.
मेंढ्यांना तारीख ठाऊक नव्हती.
आम्हालाही नसती तर बरं, असं वाटायचं.

गोरा सेकचं दुकान म्हणजे दोन मशिनं, एक फळी,
कुरकुरता पंखा, आणि छताला टेकलेले कापडाचे गठ्ठे.
दाकारमधल्या साऱ्या पुरुषांना एकाच सकाळी
नवा, पायघोळ, कडक इस्त्रीचा बुबू हवा असतो.
मी सोळा वर्षांचा. दुसरं मशिन माझं,
आणि गिऱ्हाइकाला "उद्या" सांगायचं कामही माझं.
ते मला झकास जमायचं.
उद्या सकाळी. उद्या नमाजानंतर. उद्या नक्की.
उद्याला मी इतकी अस्तरं लावली होती
की आत कापडच नाही हे कुणाला दिसू नये.

गोराचा हात कात्रीवर पाण्यासारखा चालायचा,
पण "नाही" हा शब्द त्याच्या मापाचा नव्हता.
अंगाला लावून बघायचा, काढून ठेवायचा.

त्या रात्री वीज गेली.
मेणबत्तीपाशी त्याची बायको मारेम वही घेऊन बसली.
ती बंदरावर मासळी तोलायची;
काट्याला गोड बोलता येत नाही, हे तिला माहीत.
"दोन मशिनं. अकरा दिवस. रोजचे दहा तास.
दोनशे वीस.
वीज जाते, त्याचे तीस काढ.
एका बुबूला किती?"
"पाच," गोरा म्हणाला, "गळ्यावर भरतकाम नसेल तर."
"नाही धरत भरतकाम. अडतीस."
वहीत नावं होती एकसष्ट.

बाहेर एक मेंढा खोकल्यासारखा ओरडला.
"उरलेले तेवीस कपडे नाहीत," मारेम म्हणाली,
"तेवीस भांडणं आहेत, सणाच्या आदल्या रात्रीची.
आत्ताच करून टाक. स्वस्तात पडतील."

सकाळी गठ्ठे माझ्या डोक्यावर,
पुढे गोरा, लग्नाला निघाल्यासारखा ठेवणीतला सदरा घालून.
पहिल्या दारात तो चार वेळा खाकरला.
"मला जमणार नाही," एवढं बोलून
चौकट धरून उभा राहिला.
धान्यवाला दियोप आमच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन आला.
बसवाला सालिउ म्हणाला, बरं झालं, मेव्हणा शिवतो माझा.
एक नवी नवरी नवऱ्याच्या कापडात तोंड घालून रडली.
तिला गोराने पलीकडच्या गल्लीतल्या
रिकाम्या बसलेल्या पोरगेल्या शिंप्याचा पत्ता दिला.
देताना त्याचा आवाज उसवला थोडा.
एका घरी चहा मिळाला, तिन्ही फेऱ्या:
कडू, मग बरा, मग गोड.
गोड होईस्तोवर उठता येत नाही, अशी तिथली रीत.

हळूहळू "नाही" त्याच्या अंगावर बसू लागला.
बाविसाव्या घरी तो एका टाक्यात बोलून मोकळा.

तेविसावं घर म्हाताऱ्या अस्तू न्दोयचं.
नातवासाठी दिलेलं पिवळं कापड तिने परत घेतलं,
घडी सरळ केली, मांडीवर ठेवून बसली.
"तीस वर्षं शिंपी मला 'नाही' म्हणतात," ती म्हणाली,
"सणाचा मेंढा कापून झाल्यावर.
इतके दिवस आधी घरी येऊन सांगणारा तू पहिलाच.
आता तर तुझ्याकडेच शिवायचं."
आणि कापड पुन्हा त्याच्या हातात.
गोराने ते घेतलं.
मी बघत होतो. त्याने ते खरोखर घेतलं.

परतताना माझं डोकं रिकामं होतं, म्हणून हिशेब केला.
एकोणचाळीस.
शिवाय हिंडण्यात अर्धा दिवस गेला, दोन्ही मशिनांचा,
म्हणजे दोन बुबू तिथेच बुडाले.
मारेमच्या आकड्यांत हे चालणं धरलेलंच नव्हतं.
मी गोराला सांगितलं.
"तिला बोलू नकोस," तो म्हणाला.
दहा पावलांवर थांबला. पिवळी घडी काखेत दाबली.
"नको, सांग.
आजच सांग."